आजीच्या प्रार्थनेतली नावं

आजीची प्रार्थना लांबायची. दिवेलागण झाली, भाकऱ्या टोपल्यात झाकून ठेवल्या की ती हात धुऊन, डोक्यावरून पदर घेऊन सतरंजीवर बसायची आणि हाक मारायची, "चला रे, प्रार्थनेला." उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सात-आठ नातवंडं तिच्याभोवती असायचो. आधी 'उपासना संगीत' या आमच्या ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकातलं एक गीत, तेही पुस्तक न उघडता. मग पपा किंवा काका शास्त्रपाठ वाचायचे, मग आजीची प्रार्थना आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. जेवण त्यानंतर. मेथीच्या भाजीचा वास घरभर सुटलेला असायचा आणि आजी अजून थोरल्या आत्याच्या गुडघ्यांपाशीच असायची.

कारण तिच्या प्रार्थनेत उपकारस्तुती थोडी आणि नावं फार. एकेक नाव घ्यायचं आणि त्या माणसाला काय हवंय ते देवाला नीट सांगायचं, अशी तिची रीत. काकांची बदली जवळ व्हावी. शेजारच्या धनगराच्या सुनेचं बाळंतपण सुखरूप व्हावं. पाळकसाहेबांच्या घशाला आराम पडावा. गावच्या पोलीस पाटलाला सुबुद्धी मिळावी. एका वर्षी आजारी म्हशीचंही नाव होतं. मी एकदा बोटांवर मोजली, तर एक्केचाळीस नावं भरली. कागदावर काही नव्हतं, सगळं तिच्या तोंडात.

श्रद्धा तुमच्या घरात पुढच्या पिढीकडे कशी गेली, असं मध्यंतरी आमच्या मंडळीतल्या एका तरुण जोडप्यानं मला विचारलं. त्यांना नुकतं बाळ झालंय. मला एकही उपदेश आठवेना. ही यादी आठवली. म्हणून लिहायला बसले.

आमचं गाव नेवासा तालुक्यात. ज्ञानेश्वरांनी ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली तो खांब आमच्या तालुक्याचा, आणि वडाळ्याचं मिशनही आमच्याच तालुक्यातलं. अमेरिकन मराठी मिशननं नगरला काम सुरू केलं १८३१ साली, आणि तिथून ते खेडोपाडी शाळा काढत आलं. आजोबा अशाच एका शाळेवर मास्तर होते. १८४२ साली नगरातच सुरू झालेलं मिशनचं नियतकालिक 'ज्ञानोदय'. त्याचा अंक त्यांच्याकडे टपालानं यायचा आणि वाचून झाला की अर्ध्या वस्तीत फिरायचा. पण आजोबांचा धर्म पुस्तकातला होता असं मला लहानपणी वाटायचं, आणि आजीचा तोंडातला.

तिच्या यादीतलं पहिलं नाव गुजराती होतं. आमच्या घरात, वस्तीत, नात्यात कुणाचंही तसलं नाव नाही. ते मी इथे लिहीत नाही, घरातच राहू दे.

तो आजीच्या आईचा भाऊ. माझी पणजी १९०० साली पाच-सहा वर्षांची होती. गुजरातेत मोठा दुष्काळ पडला होता, आईबाप गेले होते, आणि पंडिता रमाबाईंची माणसं तिकडून शेकडो अनाथ मुलींना घेऊन केडगावला मुक्ती सदनात आली, त्यांत ती होती. (नगरजवळचं केडगाव नव्हे, दौंड तालुक्यातलं.) भाऊ तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. मुक्ती सदन मुलींचं. मुलांना दुसऱ्या कुठल्या मिशनची माणसं घेऊन गेली, एवढंच तिला आठवत होतं. एका स्टेशनवर त्यानं तिच्या हातात मूठभर भाजलेले चणे दिले आणि तो दुसऱ्या डब्याकडे गेला. पुन्हा भेट नाही.

पणजी मुक्तीत वाढली आणि तिथल्या छापखान्यात खिळे जुळवायला शिकली. रमाबाई तेव्हा हिब्रू-ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणत होत्या, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत, आणि ते छापायचं काम तिथल्या मुली-बायकाच करत. म्हणून पणजीला उलटी अक्षरं सुलट अक्षरांइतकीच भराभर वाचता यायची. मग मिशनच्या ओळखीनं नगरकडच्या एका मास्तरांशी तिचं लग्न झालं. रमाबाई १९२२ साली गेल्या, त्याच वर्षी आजी जन्मली. आजीला कळायला लागल्यापासून तिची आई रोज रात्री सगळ्यांच्या आधी त्या भावाचं नाव घ्यायची.

आता इथे आमच्या घराचा एक नियम सांगायला हवा. आमच्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. माणूस गेलं की ते देवाच्या हाती, आपण मागायचं ते मागे राहिलेल्यांसाठी. आजी हा नियम काटेकोर पाळायची. माती देऊन आलो की त्या रात्रीपासून ते नाव यादीतून बंद, आणि त्याच जागी त्याच्या बायकोचं, मुलांचं नाव सुरू. जागा मात्र रिकामी राहायची नाही. आजोबा गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. त्या रात्री आजी त्यांच्या जागेवर आली आणि म्हणाली, "आणि मला, बापा." तिनं स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं ते तेव्हाच.

पण पणजीच्या भावाचं काय करायचं? तो कधी गेला, गेला की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. मग नाव काढणार कसं? पणजी १९६८ साली गेली आणि ते नाव आजीकडे आलं. आजीनं त्याला पाहिलेलं नाही, त्याचा फोटो नाही, गाव नाही. तरी रोज पहिलं नाव त्याचं. १९९२च्या नाताळात, करंज्या तळून झाल्यावर, तिनं बोटं मोजून हिशेब केला आणि पपांना म्हणाली, "आता शंभराचा झाला असंल तो." त्या रात्रीपासून शब्द बदलले, "त्याच्या लेकरांना, असली तर, कुठं असतील तिथं." नाव मात्र राहिलं, ओळख पटावी म्हणून.

दुसरं एक नाव होतं. ते यायच्या आधी आजी थांबायची.

मी ते चोरून डोळे उघडून पाहिलंय. तिचे ओठ मिटायचे, बोटं पदराच्या काठावर आवळली जायची, कंदिलाच्या उजेडात गळ्याची शीर हलायची. एखादा आवंढा गिळायला लागेल तेवढाच वेळ. मग ते नाव यायचं, आदरानं, त्याच्या दम्यासकट. ते नाव आजोबांच्या चुलत भावाचं, म्हणजे आजीच्या चुलत दिराचं. आजोबा शाळेवर परगावी असताना त्यानं विहिरीकडचं दोन एकर रान सातबाऱ्यावर आपल्या नावानं करून घेतलं होतं. आजोबा कोर्टात गेले नाहीत. भावाभावांनी न्यायासाठी बाहेर जाऊ नये, हे बायबलमधल्या पौलाचं म्हणणं त्यांनी अक्षरशः घेतलं. आजीला ते पटलं नव्हतं. विहिरीवर पाणी भरायला तिला त्याच रानातून जावं लागायचं.

आणि तो माणूस परका नव्हता, आमच्याच देवळात पुढच्या बाकावर बसायचा. प्रभुभोजनाला तीच भाकर, तोच प्याला. थोरली आत्या सांगते, आजीनं वर्षभर प्रभुभोजन घेतलं नाही. वेळ आली की उठून मागच्या दारानं बाहेर जायची आणि चिंचेखाली उभी राहायची. पाळकसाहेब समजवायला आले तर म्हणाली, "भावाबरोबर समेट कर आन् मग दान आण, असं लिवलंय ना? मला त्याचं नाव पण तोंडात घेववत नाय." मग एका रात्री, ध्यानीमनी नसताना, ते नाव प्रार्थनेत आलं. आजोबांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं, हे आत्याच्या पक्कं लक्षात आहे. पुढच्या रविवारी आजी बाकावरून उठली नाही.

ही गोष्ट आत्याकडून कळली तेव्हा मी कॉलेजात होते. मी आजीला विचारलं, "माफ केलंस ना तेव्हाच? मग अजून थांबतेस का?" ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "एकदा सोडलं की सुटतंय असं नाय, पोरी. रोज सोडावं लागतंय."

प्रभूच्या प्रार्थनेत आम्ही म्हणतो, आमची रोजची भाकर आज आम्हांस दे. त्याच्या लगेच पुढे येतं, जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड. शेतकऱ्याच्या घरात ऋण म्हणजे काय ते कुणाला समजवावं लागत नाही. पपा लहान असताना त्यांना वाटायचं, ही सोसायटीच्या कर्जाचीच प्रार्थना आहे.

१९७२चा दुष्काळ आईनं या घरात पाहिला. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. रेशनवर लाल मिलो ज्वारी यायची, तिची भाकरी थापताना कडेनं चिरायची, म्हणून आजीनं तिला उकळतं पाणी घालून पीठ मळायला शिकवलं होतं. सगळी वस्ती खडी फोडायला जात होती. ज्या विहिरीपायी ते सगळं झालं तीही आटली होती. एका संध्याकाळी त्या चुलत दिराची बायको दोन नातवंडांना घेऊन अंगणात येऊन उभी राहिली. काही बोलली नाही. आईला नवी असल्यामुळे सगळा इतिहास माहीत नव्हता, पण चुलीपाशी एकदम शांतता झाली हे तिला कळलं. आजी म्हणाली, "ताटं घे." त्या दिवशी भाकऱ्या मोजून सात होत्या आणि घरची खाणारी माणसं सहा.

त्या रात्री शास्त्रपाठाला पपांनी तेविसावं स्तोत्र काढलं. 'तू माझ्या शत्रूंच्या देखत माझ्यापुढे ताट वाढतोस' इथे आले आणि आजी म्हणाली, "थांब. परत वाच." त्यांनी परत वाचलं. ती पोरं तिथेच बसून ऐकत होती.

तो चुलत दीर १९८७ साली गेला. आजीनं नियमाप्रमाणे त्याचं नाव बंद केलं आणि मुलांची नावं सुरू केली. थांबणं तेव्हा संपेल असं मला वाटलं होतं. नाही संपलं. जागा तीच होती.

आजी २००९ साली गेली, माझी मुलगी तेव्हा एक वर्षाची होती. यादी आईकडे आली, म्हणजे सुनेकडे. आम्ही कुणी ठरवलं नव्हतं. माती देऊन आलो, रात्री सगळे बसले, पपांचा कंठ दाटला, आणि आईनं सुरुवात केली ती त्या गुजराती नावापासून. तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं ती भाजी ढवळता ढवळता सगळं पाठ करत आली होती.

आता माझी चूक.

मी परिचारिका आहे, पुण्यात. माझे यजमान नाशिकच्या शरणपूरचे. ती जुनी ख्रिस्ती वस्ती, त्यांचं घराणं अँग्लिकन, प्रार्थना पुस्तकातून वाचायची सवय. आमचं काँग्रिगेशनल, मनाला येईल तसं देवाशी बोलायची सवय. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि दोन्ही मंडळ्या एक झाल्या, पण घरात एक व्हायला वेळ लागतो. मला वाचून केलेली प्रार्थना कोरडी वाटायची, त्यांना आमच्या लांबड लावण्याचा संकोच. आणि माझ्या पाळ्या. आठवड्याला ड्युटी बदलायची, कधी रात्रपाळी, कधी दुपारची. संध्याकाळी तिघं एका वेळी घरात असणंच मुश्कील. महिन्यातून चारदा, मग दोनदा, मग नाताळ आणि पुनरुत्थानाच्या दिवशी, अशी घरची प्रार्थना विरत गेली. मुलीला शब्बाथ शाळेत सोडायचे, आणायचे. ती वचनं पाठ म्हणायची, बक्षिसं आणायची. मला वाटायचं, चाललंय की.

२०२२ साली ती दृढीकरणाच्या, म्हणजे कन्फर्मेशनच्या वर्गाला जात होती. एक दिवस पाळकांनी सगळ्या मुलांना विचारलं, तुमच्या घरी प्रार्थना किती वाजता होते? ही म्हणाली, "आजी आली की." स्कूटरवर मागे बसून तिनं मला हे सहज सांगितलं, त्यात तक्रार नव्हती. म्हात्रे पुलावर सिग्नलला गाडी उभी होती. मला हेल्मेटच्या आत रडू आलं.

मला तर माहीत होतं त्या यादीत असणं म्हणजे काय ते. २०२० साली कोविड वॉर्डात आम्ही सहा-सहा तास तो पोशाख घालून उभ्या असायचो, पाणी प्यायची सोय नाही, आणि रात्री साडेआठ वाजले की मला ठाऊक असायचं, आत्ता नेवाशात आई माझं नाव घेत असेल. दहाव्या-बाराव्या क्रमांकाला येते मी. कुठल्या देवळात, कुठल्या सभेत मला इतकी खात्री वाटली नाही देवाची, जितकी त्या साडेआठ वाजता वाटायची. आणि माझी मुलगी घरात बसून त्याच वेळी काय करत होती? तिला मी हे दिलंच नव्हतं.

२०२२ सालीच आईला पुण्याला आणलं. पपा २०१९ला गेल्यापासून ती एकटीच होती. आम्ही पुन्हा बसायला लागलो, रात्री साडेनऊला. रात्रपाळी असली तर मी निघायच्या आधी आठला. यजमान पुस्तकातली प्रार्थना वाचतात, मग आईची नावं. दोन्ही राहू दिलं, आणि आता मला त्यांच्या पुस्तकातल्या पापांगीकारावाचून चुकल्यासारखं होतं. माझ्या पाळीला मीही नावं घ्यायला लागले. आधीच्या नोकरीत एका वरिष्ठ बाईंनी स्वतःची चूक माझ्या नावावर लिहिली होती, मला मेमो मिळाला होता आणि माझी बढती तीन वर्षं अडकली होती. त्यांचं नाव तोंडात यायला मला पाच महिने लागले. आलं त्या रात्री मला काही हलकं-बिलकं वाटलं नाही. जिभेवर खडा ठेवल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी परत घेतलं.

काही आठवड्यांनी मुलगी भांडी पुसता पुसता म्हणाली, "मम्मी, ते एक नाव घ्यायच्या आधी तू थांबतेस. कोण आहेत त्या?" मी तिला सगळं सांगितलं. चिंचेचं झाड, दोन एकर, सात भाकऱ्या, सगळं. मुलीनं काही विचारलं नाही. शेवटचं ताट जरा जास्तच वेळ पुसत राहिली.

गेल्या वर्षीपासून आई विसरायला लागली आहे. डॉक्टरांनी नाव सांगितलंय आजाराचं, गोळ्या चालू आहेत, माझ्या कामामुळे पुढे काय काय होतं तेही मला माहीत आहे. गंमत अशी की गीतं जात नाहीत. रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग ती सुरात, कडव्यामागून कडवं म्हणते. तेविसावं स्तोत्र अख्खं येतं, प्रभूची प्रार्थना येते. नावं गळतात. प्रार्थना करता करता ती अडते, हात हवेत राहतो, आणि डोळे मिटलेलेच असतात.

मग माझी मुलगी सांगते. हळू, शाळेत मैत्रिणीला उत्तर सांगावं तसं. पहिल्यांदा हे झालं ते अगदी पहिल्याच नावाला. आई म्हणाली, "आणि बापा, त्याच्या... त्याच्या..." मी सांगणार तेवढ्यात मुलीनं ते गुजराती नाव घेतलं आणि पुढचंही स्वतःच म्हणाली, "त्याच्या लेकरांना, असली तर, कुठं असतील तिथं." आईनं मान हलवली आणि पुढे गेली. चुलत दिराच्या नातवंडांपाशी आल्यावर मुलगी सांगायच्या आधी थांबली. तिचं त्या माणसांशी काही वैर नाही. त्यांतल्या एकानं तिच्या वाढदिवसाला केकही पाठवला होता. पण तिथे थांबायचं असतं हे तिनं ऐकून घेतलंय.

परवाची गोष्ट. सगळी नावं झाली असं वाटलं, आम्ही प्रभूची प्रार्थना सुरू करणार, तर आई म्हणाली, "आणि ह्यांना स्टँडवरून सुखरूप घरी आण, बापा. रात्र झालीय, शेवटची एसटी असंल."

पपांना जाऊन सहा वर्षं झाली. मी डोळे उघडले. यजमान माझ्याकडे पाहत होते. पणजीपासून आजवर आमच्या घरात गेलेल्या माणसाचं नाव प्रार्थनेत कुणी घेतलेलं नाही. मला आईला हळूच सांगायचं होतं, की आई, पपा पोचले. तोंड उघडलंही होतं मी.

"आमेन," मुलगी म्हणाली.

आईनं समाधानानं हात खाली घेतले. मग आम्ही चौघांनी प्रभूची प्रार्थना म्हटली आणि मी ताटं घ्यायला उठले. आईनं पाच घ्यायला सांगितली. मी पाच घेतली.